जखमी पाणपक्षी सापडला तर आधी खोका शोधा

मार्कंडेय नदीच्या पुलाखाली मला पहिल्यांदा जखमी पाणकावळा सापडला, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. पायाला आणि उजव्या पंखाला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळली होती, गळ मांडीत रुतला होता. उचलायला गेलो तर त्यानं चोचीच्या टोकाच्या आकड्यानं माझं बोट फोडलं. मग मी खिशातलं रबर काढून त्याच्या चोचीवर दोन वेढे दिले, पिशवीत भाताची पिंजर अंथरली, पक्षी त्यात ठेवला आणि मोटारसायकलवरून बेळगाव गाठलं. वाटेत दोनदा थांबून पिशवी उघडली, जिवंत आहे ना ते बघायला. जनावरांच्या दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा त्याची मान लोंबत होती. डॉक्टरांनी काही न बोलता आधी ते रबर काढलं.

पुढं कळलं ते असं. पूर्ण वाढलेल्या पाणकावळ्याच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात. सूर मारून पाण्याखाली मासे धरणारा हा पक्षी श्वास घेतो तो चोचीतून. मी चोच बांधली, म्हणजे त्याचं नाक आणि तोंड दोन्ही बांधलं. गळामुळं तो त्या दिवशी मेला नसता.

हा लेख मी त्या रबरापायी लिहितोय. आपल्याकडं माणसं दयाळू आहेत, याचा अनुभव मला शंभर वेळा आला आहे. शेतात पडलेला बगळा बघून कोणी पाठ फिरवत नाही. खरं त्या दयेच्या भरात आपण जे करतो, त्यातलं निम्मं पक्ष्याच्या मुळावर येतं. ते का, हे एकदा समजलं की हात आपोआप जपून चालतात.

बेळगाव भागात पाणी आहे म्हणून पाणपक्षी आहेत. राकसकोप, हिडकल, सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ, उत्तरेला वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, आणि गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यामागं पसरलेलं घटप्रभेचं पाणी. तिथं १९७४ साली पक्षी अभयारण्य झालं. थंडीत तिथं कांड्या करकोचे आणि युरोपातले पांढरे करकोचे उतरतात. ते अभयारण्य सुमारे तीस चौरस किलोमीटरचं, आणि पक्षी काही त्या हद्दीत मावत नाहीत. शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या भातशेतांत, गावतळ्यांत, नाल्याकाठच्या झुडपांत ते आपल्याबरोबरच राहतात. म्हणून त्यांच्या जखमाही आपल्याच वस्तूंनी होतात: गळ, तंगूस, जाळी, विजेच्या तारा, मोकाट कुत्री, संक्रांतीच्या आसपासचा नायलॉनचा मांजा. या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली. तरीही झाडांच्या शेंड्यांवरून तो अजून काढावा लागतोच.

तो खरंच जखमी आहे का?

पहिला प्रश्न हा. पाणकावळा काठावरच्या खुंटावर पंख पसरून बसलाय, उडत नाही, असे फोन दरवर्षी येतात. तो पंख वाळवत असतो. त्याची पिसं बदकासारखी पूर्ण जलरोधक नसतात, भिजतात. त्यामुळंच त्याला खोल बुडी मारणं सोपं जातं, आणि बाहेर आल्यावर उन्हात असं बसावं लागतं. त्याला बसू द्यायचं.

दुसरी गोष्ट टिबुकलीची. एका जुलैच्या रात्री खानापूर रस्त्यावर एका रिक्षावाल्यानं मला थांबवलं. पाऊस नुकताच उघडला होता. हेडलाइटच्या उजेडात मुठीएवढा एक पक्षी डांबरावर पोटानं सरपटत होता, पंख आपटत होता, पुन्हा तोंडावर पडत होता.

“मरूलालंय काय ओ सर ते?”

“पाय मोडलाय बहुतेक,” मीही तेव्हा हेच म्हणालो.

पाय धड होते. टिबुकलीचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात. पोहायला ते वल्ह्यासारखे उत्तम, चालायला जवळजवळ निरुपयोगी. उडायचं तर तिला पाण्यावर धावत लांब धाव घ्यावी लागते, जमिनीवरून तिला उठताच येत नाही. रात्री एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडं जाताना ओला डांबरी रस्ता वरून पाण्यासारखा चमकतो, आणि ती त्यावर उतरते. मग तिथंच अडकते. त्या रात्री आम्ही तिला रिक्षातल्या टॉवेलात गुंडाळून घरी आणलं, खोक्यात ठेवलं. सकाळी बघितलं तर कुठं रक्त नाही, दोन्ही पंख सारखे, नजर तल्लख. तळ्याच्या काठाशी पाण्यावर ठेवली, तर हातातून सुटताक्षणी बुडी मारून जी गेली ती वीस हात पलीकडं वर आली. जेमतेम दीड-दोनशे ग्रॅमचा जीव.

तिसरी गोष्ट पिल्लांची. पावसाळ्यात बगळ्यांच्या आणि ढोकरींच्या वसाहतीखाली पिल्लं पडतात. माणसाचा हात लागला की आई-बाप पिल्लाला टाकतात, हा समज खरा नाही. पिल्लू धडधाकट असेल आणि घरटं हाताला येत असेल तर उचलून परत ठेवावं. मात्र बगळ्यांचे आई-बाप पिल्लाला घरट्यावर किंवा त्याच्या आसपासच्या फांदीवरच भरवतात. जमिनीवर पडलेल्याकडं ते सहसा उतरत नाहीत. म्हणून घरटं फार उंच असेल तर त्या पिल्लाला मदत लागते. उलट पाणकोंबडीची किंवा हळदी-कुंकू बदकाची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लगेच चालू लागतात, आई पुढं नि ती मागं. भात कापताना अशी काळी पिल्लं दिसली तर ती गोळा करून घरी आणायची नाहीत. दहा पावलं मागं सरायचं, कुत्रं आवरायचं, आई येऊन नेते. बगळ्याच्या पिल्लाला हात लावल्यावर त्यानं मासे ओकले तर तो आजारही नव्हे. घाबरल्यावर ती तसंच करतात.

पहिला तास

रक्त दिसतंय, पंख लोंबतोय, तंगूस अडकलीय, किंवा माणूस जवळ गेला तरी पक्षी हलत नाही, तर मात्र तो आजारी किंवा जखमी आहे असं धरून चालावं. मग काय करायचं? खोका आणायचा. किराणा दुकानातला पुठ्ठ्याचा, पक्षी आत उभा राहील एवढा, बाजूंना बोटाएवढी भोकं पाडलेला. तळाला जुनं सुती धोतर किंवा लुगडं. खरखरीत टॉवेलच्या दोऱ्यांत नखं अडकतात, म्हणून तो शक्यतो नको. पक्ष्याच्या अंगावर मागून कापड टाकायचं, पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी धरायचं, आणि खोक्यात ठेवून झाकण लावायचं.

धरताना एक लक्षात ठेवायला हवं. आपल्या छाती-पोटामध्ये जो पडदा हलतो आणि श्वास आत ओढतो, तो पक्ष्याला नसतो. त्याचं छातीचं हाड पुढं-मागं हलतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. छातीभोवती घट्ट मूठ आवळली तर नाक-तोंड मोकळं असूनही तो गुदमरतो. म्हणून पंखांवरून धरायचं, छाती मोकळी सोडायची. बगळ्याच्या आणि करकोच्याच्या बाबतीत आपलेच डोळे सांभाळायचे. बगळा समोरच्या चमकणाऱ्या गोष्टीवर चोच मारतो, आणि भाल्यासारखी ती मान किती लांब जाते याचा अंदाज येत नाही. चष्मा घालावा, मान डोक्यामागं हलक्या हातानं धरावी. चोच बांधायची नाही. हे मी कोणाला सांगतो तेव्हा थांबून दोनदा सांगतो.

लांब पायांच्या पक्ष्याच्या मागं पळायचंही नाही. शेतातून पोरांनी पळवून पळवून धरलेला करकोचा धरताना ठणठणीत दिसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला पायावर उभंच राहता येत नाही. अति भीतीनं आणि धावपळीनं स्नायू आतून तुटतात, त्यांचा घाण अंश रक्तातून मूत्रपिंडाकडं जातो. यावर उपाय फार थोडा. म्हणून दोन-तीन माणसांनी अर्धवर्तुळ करून सावकाश कोपऱ्यात न्यायचं, आणि एका खेपेत धरायचं. जमलं नाही तर सोडून द्यायचं आणि माहितगाराची वाट बघायची.

खोक्याचं झाकण लागलं की ते पुन्हा उघडायचं नाही. मी पिशवी दोनदा उघडली होती, तशी नाही. पक्ष्याच्या नजरेत आपण त्याला खायला आलेलं जनावर असतो. अंधारात त्याच्या हृदयाची धडधड उतरते, उजेडात आपला चेहरा दिसला की परत चढते. शेजारच्या वहिनी, काका, शाळेतली पोरं, सगळ्यांना बघायचं असतं, आणि तेही प्रेमापोटी. त्यांना म्हणावं, फोटो नको, आवाज नको, टीव्ही बंद करा.

नंतर ऊब. पक्ष्याच्या अंगाचं तापमान आपल्याहून जास्त, साधारण चाळीस-एकेचाळीस अंश सेल्सिअस. जखमी, भिजलेला पक्षी ते टिकवू शकत नाही. बाटलीत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची. गरम वाटलं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता यावं. मे महिन्याच्या दुपारी मात्र हीच ऊब नको, सावली हवी. एवढी अक्कल प्रसंगानुसार चालवावीच लागते.

पाणी पाजायचं नाही. सगळ्यात जास्त पक्षी इथं जातात. चोच उघडून चमच्यानं पाणी ओतलं की आपल्याला समाधान वाटतं. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशी अगदी समोर उघडते. अर्धमेल्या पक्ष्याला ती मिटायची ताकद नसते. पाणी थेट फुप्फुसात जातं. दूध तर मुळीच नाही, भात नाही, पाव नाही. गारठलेल्या पक्ष्याचं पोट काहीच पचवत नाही. क्रम असा असतो: आधी अंग उबदार, मग शरीरातलं पाणी भरून काढणं, आणि मगच अन्न. दुसरी आणि तिसरी पायरी डॉक्टरांची.

पाण्याच्या टबातही ठेवायचा नाही. पाणपक्षी आहे, पाण्यात बरं वाटेल, असं कोणालाही वाटेल. पण बदकाचं पीस पाणी झटकतं ते कशामुळं? पिसाच्या प्रत्येक काडीला बारीक तंतू, त्या तंतूंना आणखी बारीक आकडे, आणि ते एकमेकांत विणलेले. पक्षी दिवसभर चोचीनं ही वीण बसवत असतो, शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल पिसांना लावत असतो. आजारी पक्षी हे थांबवतो. वीण विस्कटली की पाणी थेट कातडीपर्यंत पोचतं. असं बदक बादलीत ठेवलं तर ते गारठतं, आणि बुडतंसुद्धा.

इथंच आपल्या हळद-तेलाचा प्रश्न येतो. कापलं की हळद, ही आपल्या आजीची शिकवण, आणि माणसाच्या बोटाला ती चालते. पिसांना तेल लागलं की वीण चिकटून बसते, आणि ते काढायला दवाखान्यात पक्ष्याला साबणानं धुवावं लागतं, म्हणजे पुन्हा एक मोठा धक्का. जखमेवर काही ओतायचंही नाही. पंखाचं खांद्याजवळचं हाड बऱ्याच पक्ष्यांत पोकळ असतं आणि ती पोकळी शरीरातल्या हवेच्या पिशव्यांना जोडलेली असते. हाड बाहेर आलेल्या जखमेत जंतुनाशक ओतलं तर ते श्वासाच्या वाटेवर पोचू शकतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरावं, एवढंच.

गळ असेल तर ओढू नका. गळाला उलटा काटा असतो, मागं ओढला की मांस फाडत येतो. डॉक्टर तो पुढं ढकलून टोक बाहेर काढतात, काटा कापतात आणि मग उरलेली दांडी मागं घेतात. चोचीतून तंगूस बाहेर आली असेल, म्हणजे गळ पोटात आहे, तर ती तंगूस आखूड कापायची नाही. वीतभर बाहेर ठेवून कागदाच्या तुकड्याला गुंडाळायची. गळ कुठं आहे हे शोधायला डॉक्टरांना तोच धागा लागतो.

आणि पिंजर. आपल्या घरात ती हाताशी असते, मऊ असते, कोंबडीला चालते. ओलसर पिंजरीत, गवतात, भुशात बुरशी असते. तिचे कण श्वासातून पाणपक्ष्याच्या फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत जाऊन रुजतात. धडधाकट पक्षी ते सोसतो. जखमी, घाबरलेला पक्षी त्यानं हळूहळू गुदमरत जातो, आणि बाहेरून दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. पाणपक्षी या रोगाला फार लवकर बळी पडतात. कागद चालतो, सुती कापड चालतं, पिंजर नको.

फोन कोणाला

जंगली पक्षी घरात ठेवायला कायद्यानं परवानगी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार जखमी वन्यजीव ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. ४८ तास ही कायद्याची मुदत. पक्ष्याजवळ तेवढा वेळ नसतो. वन खात्याची मदतवाहिनी १९२६. हाच क्रमांक पलीकडं महाराष्ट्रातही आहे. ही आपल्याला मोठी सोय, कारण दूधगंगेच्या या काठावर पडलेला बगळा त्या काठावरच्या घरट्यातला असू शकतो. तारेवर लटकलेला पक्षी असेल तर बांबू घेऊन धावू नका, हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, १९१२ वर कळवा आणि वीज बंद झाल्याशिवाय खाली उभंही राहू नका.

फोनवर काय सांगायचं तेही ठरवून ठेवावं. पलीकडचा माणूस कन्नड बोलणारा असेल तर अडखळू नये. “कोक्करे बिद्दैती, रेक्की मुरदैती.” करकोचा पडलाय, पंख मोडलाय. जागा, पक्षी केवढा, काय झालंय, आपण कुठं थांबलोय. चार वाक्यं पुरतात. फॉरेस्टवाले यायला वेळ लागणार असेल तर त्यांनाच विचारून जनावरांच्या दवाखान्यात न्यावं, आणि सापडल्याची नेमकी जागा कागदावर लिहून खोक्याला चिकटवावी. बरा झाल्यावर त्याला कुठं सोडायचं ते त्या कागदावरून ठरतं.

एकाच तळ्यावर एका वेळी अनेक पक्षी पडलेले दिसले तर मात्र हात लावायचा नाही. ही गोष्ट वेगळी आहे. बर्ड फ्लू असू शकतो. अशा वेळी पशुसंगोपन खात्याला कळवायचं, आणि घरच्या कोंबड्या त्या पाण्यापासून लांब ठेवायच्या. किंवा बॉट्युलिझम असू शकतो. उन्हाळ्यात तळं आटतं, पाणी तापतं, त्यातला प्राणवायू संपतो, आणि कुजणाऱ्या गाळात एक जिवाणू विष तयार करतो. पक्षी मरतो, त्याच्या अंगात अळ्या पडतात, अळ्यांत ते विष साठतं. त्या अळ्या दुसरा पक्षी खातो आणि तोही पडतो. आधी पाय जातात, मग पंख, शेवटी मान. मान वर धरता येत नाही म्हणून पक्षी वितभर पाण्यात बुडतो. राजस्थानात सांभर तळ्यावर २०१९ च्या नोव्हेंबरात असे अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले. यात गावाचं काम मोलाचं ठरतं ते असं: मेलेले पक्षी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, हातमोजे-मास्क घालून, लवकरात लवकर उचलायचे. चक्र तिथं तुटतं. हलकी बाधा झालेले पक्षी सावली, ताजं पाणी आणि शुश्रूषा मिळाली तर चांगले उठतात.

दवाखान्यानंतरचे दिवस

हाड बसवणं हा या कामाचा छोटा भाग. पक्ष्याचं हाड आपल्यापेक्षा लवकर जुळतं, साधारण तीन आठवड्यांत. पण पंख तेवढे दिवस बांधूनच ठेवला तर सांधा आणि पुढच्या कडेचं कातडं आखडतं, आणि हाड जुळूनही पक्षी उडत नाही. म्हणून डॉक्टर मधे मधे पट्टी सोडून पंख हलक्या हातानं उघडून बघतात. पाणपक्षी जन्मभर पाण्यावर तरंगलेला असतो. सिमेंटच्या फरशीवर बसवून ठेवला तर त्याचं सगळं वजन छातीच्या हाडावर येतं आणि तिथं जखम होते. त्याला जाळीचा तळ लागतो किंवा जाड मऊ गादी.

मग येते पाण्याची टाकी. ती बांधायला आपले गवंडी पुरेसे हुशार आहेत, फक्त एक गोष्ट सांगावी लागते. पाणी वरून सतत थोडं थोडं वाहून जाईल अशी तोटी काठाशी हवी. माशांचं तेल आणि विष्ठा पाण्यावर तवंग धरते, तो तवंग पिसांना लागला की आठवडाभराची मेहनत वाया. खायलाही टाकीत घालायचं नाही, बाहेर थाळीत. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पोहू द्यायचं, पोटाखाली हात घालून बघायचं. पिसं वरून ओली आणि आतली मऊ लव कोरडी, तर वीण बसतेय. ती ओली लागली तर बाहेर काढून वाळवायचं. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं. ही परीक्षा पास झाल्याशिवाय बदक सोडणं म्हणजे त्याला बुडायला पाठवणं.

मासे खाणाऱ्या पक्ष्याला रोज त्याच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्के मासे लागतात. बाजारातून ते आणणं परवडत नाही. आमच्या भागातले मासे धरणारे मामा जाळ्यातले बारके मासे, जे विकले जात नाहीत, ते डब्यात वेगळे काढून देतात. ताजे मासे मिळणं हे पैशापेक्षा मोठं. बर्फात साठवलेल्या काही जातींच्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि नुसते तेच खाऊन पक्ष्याला झटके येऊ शकतात. मग गोळ्या द्याव्या लागतात.

पिल्लांच्या बाबतीत सगळ्यात अवघड काम म्हणजे लाड न करणं. नाव ठेवायचं नाही, बोलायचं नाही, हातानं भरवताना समोर कापडाचा पडदा धरायचा. माणसाला आई समजलेला बगळा मोठा झाल्यावर माणसाजवळ येतो, आणि सगळी माणसं आपल्यासारखी नसतात. शक्यतो त्याच जातीची दोन-चार पिल्लं एकत्र वाढवावीत.

सगळेच परत उडत नाहीत. ज्याचा पंख कापावा लागला तो पांढरा शराटी चिखलात एकटा जगू शकत नाही. त्याला जन्मभर पिंजऱ्यात ठेवायचं की वेदनेतून सोडवायचं, हा निर्णय डॉक्टर आणि वन खात्याचा. हे मला मान्य करायला बरीच वर्षं लागली. अजूनही त्या दिवशी जेवण जात नाही.

गावानं करायचं ते

दवाखाना असला तरी पक्षी सापडतो तो गावकऱ्याला. म्हणून हे काम गाव जितकं समजून घेईल तितकंच होतं. आपल्याच राज्यात, कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात कोक्करे बेळ्ळूर नावाचं गाव आहे. तिथं गावातल्या चिंचेच्या झाडांवर चित्रबलाक आणि झोळीवाले पाणपक्षी, म्हणजे पेलिकन, ज्यांना कन्नडमध्ये हेज्जार्ले म्हणतात, घरटी करतात. गावकरी त्यांना बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकी मानतात. तिथल्या तरुणांनी ‘हेज्जार्ले बळग’ नावाचा गट करून झाडावरून पडलेली पिल्लं कुंपणात वाढवली, मासे घातले आणि पुन्हा सोडली. चिंचेचं पीक पक्ष्यांमुळं बुडतं म्हणून झाडमालकांना वन खातं मोबदला देतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गरीब माणसाच्या झाडावर पक्षी बसले तर त्याचा भार एकट्या त्याच्यावर पडू नये.

आसामात हरगिला नावाचा उंच, टकला करकोचा आहे. लोक त्याला अपशकुनी समजत, घरट्यांची झाडं तोडत. पूर्णिमा देवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना हाताशी धरलं. आता दहा हजारांहून अधिक बाया त्या कामात आहेत. त्या हरगिलाची डोहाळजेवणं करतात, साड्यांवर त्याची नक्षी विणतात. घरट्यांच्या झाडांखाली जाळी बांधली की पडलेलं पिल्लू जमिनीवर आपटत नाही. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं बर्मन यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला.

आपल्याला एवढं मोठं काही उभारायची गरज नाही. ज्या चिंचेवर किंवा वडावर बगळ्यांची वसाहत आहे, तिथं जून ते सप्टेंबर फांद्या छाटायच्या नाहीत, आणि खाली जुनी मासेमारीची जाळी डोक्याएवढ्या उंचीवर ताणायची. विष्ठेचा वास येतो म्हणून कुरकुरणाऱ्या शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा खालची जागा झाडून द्यायची. गळ टाकायला बसणाऱ्या पोरांना तुटलेली तंगूस टाकायला काठावर एक डबा ठेवायचा. औषधाच्या दुकानात किंवा पानपट्टीत एक रिकामा खोका, सुती कापड आणि फोन नंबरांचा कागद ठेवायचा. भात कापताना घरट्यात अंडी दिसली तर तेवढे चार चूड उभे सोडायचे.

आणि एक वही. तारीख, जागा, पक्षी, काय झालं होतं, पुढं काय झालं. आमच्या वहीत तीन वर्षांत एका नाल्याच्या एकाच वळणावर पाच नोंदी झाल्या, पाचही तंगुशीच्या. जाऊन बघितलं तर तिथं पाण्यात वाकलेलं एक बाभळीचं झुडूप होतं. गळ तिथं अडकायचा, पोरं तंगूस तोडून मोकळी व्हायची, आणि खंड्या, ढोकरी, पाणकावळे त्याच फांदीवर बसायला यायचे. एका रविवारी आम्ही सातजण कंबरभर पाण्यात उतरलो. पोतंभर तंगूस निघाली, आत ढोकरीची एक वाळलेली चोचही होती. गळ टाकणाऱ्या पोरांतलेच दोघे आमच्याबरोबर पाण्यात होते. आता ते दर अमावस्येच्या आसपासच्या सुट्टीला जाऊन ती फांदी साफ करतात आणि आल्यावर वहीत स्वतःच्या अक्षरात लिहितात, किती निघाली ते.